सुरगाठ आणि निरगाठ

रात्रीचे साडेनऊ वाजून गेलेत. लेकरं झोपली असतील तर जवळ बसून ऐका. झोपली नसतील तर आजच्या दिवस रेडिओ बंद करा, हे बोलणं पुन्हा कधीतरी ऐकता येईल. आजचा विषय मोठ्या माणसांचा आहे, अठरा वर्षांच्या पुढच्यांचा. घरधनी शेजारी बसून ऐकत असतील तर फारच बरं. त्यांना उठवू नका.

गटाच्या बैठकीत बचतीच्या पेटीशेजारी आम्ही एक बिस्किटाचा रिकामा डबा ठेवतो, हे तुम्हाला माहीत आहे. त्यात चिठ्ठी टाकायची, नाव लिहायचं नाही. पाळीबद्दल, अंगावरून पांढरं जाण्याबद्दल, पिशवीच्या ऑपरेशनबद्दल चिठ्ठ्या नेहमीच येतात. यावेळी दोन वेगळ्या निघाल्या. एकीनं लिहिलं होतं, "मालक मोबाइलमधी कायबाय पाहतात अन् म्हणतात, तुये हात बांधू दे. मले भेव लागते. नाई म्हटलं तं दोन दोन दिस बोलत नाईत. काय करू?" दुसरी चिठ्ठी दुसऱ्या अक्षरातली. "आम्ही दोघं असं कधीमधी करतो. मलेच आवडते. मी वाईट बाई आहे का?"

चिठ्ठ्या वाचल्यावर आमच्यातल्या काहीजणी पदर तोंडाला लावून हसल्या. गटातली सगळ्यात वयस्कर आजी मात्र म्हणाली, "हासू नका वं. इचारलं त सांगा." म्हणून आम्ही रुग्णालयातल्या डॉक्टरताईंना विचारलं, थोडं वाचलं, आपसात बसून बोललो आणि मग इथं आलो.

रेडिओवर हे बोलायचं का, असा प्रश्न आमच्यातही निघाला होता. पण ज्या बुलढाण्यात आपण राहतो, त्याच बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली 'स्त्री-पुरुष तुलना' लिहून बाईच्याच माथी सगळे दोष मारणाऱ्यांना खडसावून विचारलं होतं. मुंबईत र. धों. कर्वे यांनी १९२७ पासून १९५३ पर्यंत 'समाजस्वास्थ्य' नावाचं मासिक चालवलं. घरात विचारायची सोय नसलेले प्रश्न लोक त्यांना विचारत आणि ते छापून उत्तर देत. त्यासाठी त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले. एका खटल्यात त्यांचं वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतलं होतं. खटला हरले, मासिक मात्र बंद पडलं नाही. तेव्हा आपण साडेनऊनंतर, दार लोटून, एवढं बोलायला हरकत नाही.

आधी दुसऱ्या चिठ्ठीचं. नाही, बाई, तू वाईट नाहीस. नवराबायकोनं राजीखुशीनं, खेळीमेळीत एकमेकांचे हात बांधले तर तो आजार नाही आणि पापही नाही. जागतिक आरोग्य संघटनेची आजारांची जी यादी २०२२ पासून लागू झाली, तिच्यात मोठ्या माणसांनी संमतीनं केलेल्या असल्या गोष्टींना आजार धरलेलं नाही. समोरच्याच्या मर्जीविरुद्ध त्याला त्रास देऊन सुख घेणं, ते मात्र त्या यादीत आहे. म्हणजे डॉक्टर लोक बघतात ते दोरीकडे नाही, मर्जीकडे.

हे मोबाइलनं आणलेलं खूळ आहे असं कोणी म्हणेल. तसंही नाही. वात्स्यायनाच्या कामसूत्रात नखांचे, दातांचे, हातानं मारण्याचे प्रकार आहेत, आणि त्याच ठिकाणी एक इशाराही आहे. सातवाहनांच्या घराण्यातला राजा, कुंतल शातकर्णी, यानं आपली राणी मलयवती हिला अशाच खेळात 'कर्तरी' नावाच्या प्रहारानं जिवे मारलं, असं तिथं लिहिलं आहे. सातवाहन म्हणजे आपल्या पैठणचे. इथून काही फार दूर नाही. ज्यानं जीव जाईल किंवा अंग निकामी होईल असं काही करू नये, असं तो जुना ग्रंथकारही सांगतो. आम्हाला ही मलयवती फार आठवत राहिली. ग्रंथात तिचं नाव आलं ते तिच्या मरणापुरतंच. तिला काय हवं होतं, ती थांब म्हणाली होती का, हे कुणी लिहून ठेवलेलं नाही.

आता पहिली चिठ्ठी. तिथं आम्हाला जास्त वेळ लागणार आहे.

"नाही म्हटलं तर दोन दिवस बोलत नाहीत." या एका वाक्यात सगळं आलं. गटात कर्जाचा ठराव होतो तेव्हा आपण काय करतो? आधी मोठ्यानं वाचून दाखवतो, रक्कम किती, व्याज किती, हप्ता किती, आणि मग सही किंवा अंगठा घेतो. न वाचून दाखवता घेतलेला अंगठा ग्रामसंघात कुणी मान्य करेल का? धाक घालून घेतलेला? झोपेत असताना शाई लावून उमटवलेला? मग अंगाच्या बाबतीत एवढंही नको? लग्नात एकदा माळ घातली म्हणजे जन्मभराच्या सगळ्या ठरावांवर कोरा अंगठा दिला, असं धरून चालतात. तसं नसतं. हो म्हणायचं ते दर वेळी, त्या वेळेपुरतं. आणि मधेच नको वाटलं तर तेही चालतं. काल आवडलं होतं म्हणून आज आवडलंच पाहिजे, असंही काही नाही.

नाही म्हणणाऱ्या बाईची आपल्या मराठी मुलखातली एक गोष्ट सांगतो. रखमाबाईंचं लग्न अकराव्या वर्षी झालं. मोठी झाल्यावर त्यांनी नवऱ्याकडे नांदायला जायला नकार दिला. १८८४ मध्ये नवऱ्यानं मुंबईच्या हायकोर्टात दावा लावला. पहिला निकाल रखमाबाईंच्या बाजूनं लागला. मग अपील झालं आणि १८८७ मध्ये हुकूम आला की नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. तुरुंगात जाईन, पण तिथं जाणार नाही, असं त्या म्हणाल्या. शेवटी १८८८ मध्ये दोन हजार रुपये देऊन प्रकरण मिटलं. पुढं त्या लंडनला शिकून डॉक्टर झाल्या आणि सुरतेला, राजकोटला कितीतरी वर्षं बायकांचे दवाखाने सांभाळले. जिच्या नाहीसाठी इतका मोठा खटला उभा राहिला, ती बाई आपल्याच भाषेत बोलत होती, हे आपण विसरतो.

म्हणून चिठ्ठी लिहिणाऱ्या ताईला आमचं सांगणं असं. ज्या घरात भाजीत मीठ जास्त झालं तर ताट भिरकावलं जातं, माहेरी जाते म्हटलं तर फोन काढून घेतला जातो, नाही म्हटल्यावर दोन दिवस अबोला धरला जातो, त्या घरात हा खेळ आणू नका. तिथं लहानसहान गोष्टीतलं नाहीसुद्धा अजून चालत नाही, मग हात बांधल्यावरचं नाही कोण ऐकणार? आधी ते चालू झालं पाहिजे. "आज मी थकले, नको" म्हटलं आणि माणूस "बरं" म्हणून शांत झोपला, दुसऱ्या दिवशी चहा घेताना तसाच बोलला, असं वर्षभर होऊ द्या. पुढचं पुढं.

आणखी एक सोपी परीक्षा आहे. ती आमच्या डॉक्टरताईंनी सांगितली आणि आम्ही सगळ्याजणी हसून लोटपोट झालो, पण खरी आहे. मालक म्हणतात ना, हात बांधू दे? तर म्हणा, चालेल, पहिली पाळी तुमची. पहिल्या वेळी हात त्यांचे बांधा. राजी झाले, मजेत घेतलं, तर बोलायला जागा आहे. "मी कसा? मी तर माणूस आहे" असं म्हणाले, तर त्यांना खेळ नको आहे, मालकी हवी आहे, हे तुम्हाला कळलं.

आता ज्या दोघांना खरोखरच मनापासून हवं आहे, त्यांच्यासाठी. कारण काही सांगितलं नाही तरी लोक करायचं ते करतातच, आणि मग आडवळणानं दवाखान्यात येतात.

बोलणं दिवसा करा. अंथरुणावर नाही, दिवसा, दाणे निवडताना, चहाच्या वेळी. काय चालेल, काय अजिबात नाही, अंगाला कुठं हात लागलेला नको, हे आधी ठरवा. दारू प्यायलेल्या माणसाबरोबर नाही. तुम्ही स्वतः घेतली असेल तरीही नाही. दिवसभर सोयाबीन सोंगून किंवा कापूस वेचून आलेल्या बाईच्या मनगटांना आधीच मुंग्या असतात. त्या रात्री नाही. पोटुशी असाल, दमा असेल, झटके येत असतील, बीपी किंवा शुगर असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही.

थांबण्याची खूण ठरवा. खेळात माणूस हसत हसत "नको नको" म्हणतो, म्हणून खुणेचा शब्द वेगळाच हवा, जो त्या वेळी सहज तोंडात येणार नाही. 'लोणार' ठेवा, 'ज्वारी' ठेवा. तो शब्द ऐकला की त्याच क्षणी सोडायचं. का, काय झालं, थोडंच राहिलं, असलं काही विचारायचं नाही. बोलता येईना तर एसटीची पद्धत ठेवा. कंडक्टरची एक घंटी म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला. पलंगावर एकदा ठोकलं की गाडी थांबली. आणि एक गोष्ट ध्यानात ठेवा, खुणेचा शब्द ठरला म्हणून साध्या "नको"ला किंमत उरली नाही असं होत नाही. शंका आली तर थांबायचंच.

मग गाठ. गाठीचं आपल्याला कुणी शिकवायला नको. परकराच्या नाडीला आपण सुरगाठ मारतो, एक टोक ओढलं की सुटते. तीच चुकून निरगाठ बसली तर घाईच्या वेळी काय फजिती होते, ते प्रत्येकीला ठाऊक आहे. इथं फक्त सुरगाठ. ओढलं की आवळत जाणारा फास तर मुळीच नको. बांधायला जुन्या सुती लुगड्याची चार बोटं रुंद पट्टी घ्या. नायलॉनची साडी, ओढणी, सुतळी, बैलाचं दावं, चार्जरची वायर, यातलं काही नको. पातळ वस्तू रुतते आणि नायलॉनची गाठ ओढाओढीत अशी बसते की सुटता सुटत नाही. पट्टीखाली दोन बोटं सहज गेली पाहिजेत. काचेच्या बांगड्या आधी उतरवून ठेवा. मंगळसूत्रही तेवढ्यापुरतं उशाशी ठेवा. गळ्यात गुंतेल असं काहीच नको. त्यानं अशुभ होत नाही, आमच्या आजीनंही तसंच सांगितलं आहे.

नवीन असाल तर हात फक्त समोर बांधा, दोन्ही एकत्र, आणि गाठीचं टोक जिचे हात बांधलेत तिच्या बोटांना किंवा दातांना लागेल असं ठेवा. म्हणजे तिला वाटलं की ती स्वतःच सोडवू शकते. हात पाठीमागे नकोत, खाटेला नकोत, खिडकीच्या गजाला नकोत, आणि आढ्याला काही टांगणं तर नाहीच नाही. पहिल्या वेळी पाच-दहा मिनिटं पुरे.

डॉक्टरताईंनी नसांचं नीट समजावून सांगितलं. मनगटाच्या आतल्या बाजूनं आणि दंडाच्या मागून नसा वरवरूनच जातात. दारूच्या नशेत खुर्चीच्या पाठीवर दंड टाकून झोपलेल्या माणसाचा पंजा सकाळी लुळा पडलेला असतो, कधी पाहिलं असेल. तो सरळ व्हायला आठवडे लागतात. बांधून तेच होऊ शकतं. म्हणून मुंग्या आल्या, बोटं गार पडली, निळसर झाली, अंगठा नीट हलेना, की लगेच सोडा. "थोड्या मुंग्या आहेत, चालेल" असं म्हणायचं नाही. सोडल्यावरही बधिरपणा गेला नाही तर दवाखान्यात जा आणि डॉक्टरला खरं सांगा. पडले, घसरले असं सांगाल तर उपचार चुकतील.

कात्री उशाशी ठेवा. भाजीची सुरी नाही, कात्री, शक्यतो बोथट टोकाची. लाईट कधी जाईल याचा आपल्याकडे नेम नाही, म्हणून बॅटरीही हाताशी ठेवा. आणि हात बांधलेल्या माणसाला एकट्याला सोडून खोलीबाहेर जायचं नाही. पाणी प्यायला नाही, फोन घ्यायला नाही, म्हैस हंबरली म्हणूनही नाही. जायचंच असेल तर आधी सोडा.

गळ्याचं वेगळं सांगतो. गळ्याभोवती काही बांधायचं नाही, हातानं दाबायचंही नाही, तोंडात बोळा कोंबायचा नाही, नाकातोंडावर उशी ठेवायची नाही. मोबाइलमध्ये हे सर्रास दाखवतात म्हणे. गळा दाबला की काही सेकंदांत शुद्ध हरपते, आणि शुद्ध हरपलेल्या माणसाला खुणेचा शब्द आठवत नाही. हे जपून करायची काही युक्ती नाही. गळ्यातलं दावं अडकून गोठ्यात वासरू कसं जातं, ते आपल्यातल्या कितीजणींनी पाहिलंय. बाकीच्या गोष्टींत दोघांनी मिळून ठरवा असं आम्ही म्हणतो, इथं ठरवण्यासारखं काहीच नाही.

झाल्यावर लगेच कूस बदलून घोरायला लागायचं नाही, हे पुरुषमंडळींसाठी. मनगटं चोळून द्या, पाणी द्या, जवळ बसा, कसं वाटलं ते विचारा. कधी कधी उगाच रडू येतं. आवडलेलं असलं तरी येतं. त्याची चेष्टा करू नका.

मोबाइलचं थोडक्यात. त्या वेळी फोटो, व्हिडिओ काढायचा नाही. आज प्रेमानं काढलेला उद्या भांडणात कुठं जाईल सांगता येत नाही. न विचारता काढणं हा गुन्हा आहे. काढायला हो म्हटलं असेल पण दुसऱ्याला दाखवायला नाही, आणि तरी कुणी पाठवला, तर तोही गुन्हाच आहे, काढणारा नवरा असला तरी.

आता कायद्याचं. इथं आम्ही तुम्हाला गोड काही सांगू शकत नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम ६३ मध्ये बलात्काराची व्याख्या आहे आणि तिला एक अपवाद जोडला आहे. बायको अठरा वर्षांच्या पुढची असेल तर नवऱ्यानं केलेली बळजबरी बलात्कार धरली जात नाही. रखमाबाईंच्या खटल्याला इतकी वर्षं होऊनही हे असं आहे. आम्हाला ते पटत नाही, आणि पटत नाही हे म्हणायला आम्ही कचरत नाही. अठराच्या आतल्या मुलीची गोष्ट वेगळी. तिची संमती कायदा संमतीच मानत नाही. लग्न लागलेलं असलं तरी नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१७ मध्ये स्पष्ट केलं आहे.

पण हात अगदीच रिकामे नाहीत. २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा आहे, त्यात लैंगिक छळ स्पष्ट लिहिलेला आहे. अंगाशी संबंधित, बाईचा अपमान करणारं, तिची प्रतिष्ठा दुखावणारं वागणं त्यात बसतं. त्याखाली संरक्षण अधिकाऱ्यामार्फत कोर्टाकडून संरक्षणाचा आदेश मिळतो, घरात राहण्याचा हक्क मिळतो, खर्च मागता येतो. मारहाण, दुखापत, क्रूरपणा यांची कलमं वेगळी आहेतच. आणि "ती हो म्हणाली होती" एवढं सांगून कुणाला सुटता येत नाही. जीव जाईल किंवा जबर दुखापत होईल असं ठाऊक असलेल्या गोष्टीला दिलेली संमती कायद्यापुढे टिकत नाही.

तर कुणावर बळजबरी होत असेल, कुणाला मर्जीविरुद्ध बांधलं जात असेल, तर १८१ हा महिलांचा हेल्पलाईन नंबर आहे. दिवसरात्र चालू असतो. जीवावरचा प्रसंग असेल तर ११२. फोन करायला भीती वाटत असेल तर गटाच्या ताईला फक्त एवढं सांगा की "मले बोलायचं हाय." ती तुम्हाला सगळ्यांसमोर काही विचारणार नाही. मागच्या वर्षी दोन गावांत आम्ही तसं ठरवून घेतलं आहे. अशी बाई आली की बैठक तिथंच संपवायची, चहाच्या निमित्तानं एकीनं तिच्याबरोबर थांबायचं आणि वहीत काही नोंद करायची नाही.

डबा अजून तिथंच आहे. पाळी बंद होण्याच्या वयातल्या त्रासाबद्दल यावेळी सात चिठ्ठ्या आल्या आहेत, त्यांचं पुढच्या गुरुवारी याच वेळेला बोलू. त्यासाठी डॉक्टरताई स्वतः येणार आहेत. तोवर नमस्कार.